कोणतं काम तुझं, कोणतं नाही: प्लंबिंग शिकणाऱ्याला पत्र

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. आयटीआयचं प्लंबरचं वर्ष संपलं, आता पहिला पगार हातात येईल. त्यातून कोणती हत्यारं घेऊ आणि स्वतःच्या नावावर कामं कधी धरू, असं विचारलं आहेस. हत्यारांचं लगेच सांगतो. दुसऱ्या प्रश्नाला थोडा वेळ लागेल. गिऱ्हाइकाच्या दारात उभं राहून तुला आधी एक गोष्ट ठरवता आली पाहिजे: हे काम माझं आहे, की घरातल्या माणसाने स्वतः करण्यासारखं आहे, की माझ्याहून जाणत्या माणसाला बोलवायला हवं? ज्याला हे ठरवता येतं त्यालाच मी प्लंबर म्हणतो. बाकीचे नळ जोडणारे.

पाइप पाने दोन घे, एक १० इंची आणि एक १४ इंची. दोन अशासाठी, की एकाने मागचा पाइप धरायचा आणि दुसऱ्याने फिटिंग फिरवायचं. एकाच पान्याने जोर लावलास तर तो जोर भिंतीच्या आतल्या एल्बोपर्यंत, म्हणजे वळणावरच्या जोडापर्यंत जातो. तिथे तीस वर्षांचे गंजलेले आटे असले की ते आतल्या आत मोडतात आणि एका नळाच्या कामापायी सगळी टाइल फोडावी लागते. पाइप पान्याचे दात एकाच दिशेने पकडतात, हे तुला शिकवलंच असेल. पण क्रोमच्या नळाला तो कधी लावायचा नाही, हे पुष्कळ मिस्त्रीसुद्धा पाळत नाहीत. तिथे स्क्रू पाना आणि मध्ये कापडाची घडी. बेसिनखालचे नट काढायला बेसिन पाना, प्लास्टिक पाइपला कटर, जीआयला (जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपला) हॅक्सॉ, कडा साफ करायला कानस, मीटर टेप, लेव्हल, ओळंबा, चांगली बॅटरी आणि विजेचा टेस्टर. टेस्टर विसरू नकोस. गिझर असलेल्या बाथरूममध्ये नळाला हात लावण्याआधी टेस्टर लावायचा. आटे पाडायचा डाय सेट सध्या घेऊ नकोस, जीआयची कामं आता कमी झाली आहेत आणि लागेल तेव्हा ठेकेदाराकडचा मिळतो. रविवार पेठेत बोहरी आळीत जा, पाना हातात धरून बघ, जबड्याची चाळ बघ, मग घे. स्वस्त पाना ऐन जोर लावताना सटकतो आणि बोटं भिंतीवर आपटतात.

आता जोडाबद्दल, कारण प्लास्टिक पाइप आल्यापासून हे काम फार सोपं झालं असा समज आहे. पाइप काटकोनात कापायचा, आतबाहेरची कड साफ करायची, पुसून कोरडा करायचा, आधी नुसता बसवून बघायचा आणि फिटिंगमध्ये किती आत जातो त्याची पेन्सिलने खूण करायची. मग सोल्यूशन, म्हणजे पाइप चिकटवायचा द्राव, दोन्हीकडे लावायचं, पाव फेरा फिरवत खुणेपर्यंत आत सारायचा आणि थोडा वेळ दाबून धरायचा, कारण तो मागे सरकायला बघतो. सीपीव्हीसीला (गरम पाण्याच्या प्लास्टिक पाइपला) सीपीव्हीसीचंच सोल्यूशन. डबा घट्ट झाला तर थिनर घालून पातळ करायचा नाही, नवा आणायचा. साइटवर तू बघशील, कपलिंग (दोन पाइप सरळ जोडणारा तुकडा) संपलं की कोणीतरी पाइपचं टोक आगीवर तापवतो, फुगवतो आणि त्यात दुसरा पाइप घुसवतो. तिथे पाइपची जाडी कमी झालेली असते. तो जोड आज गळत नाही, टाइल बसल्यावर गळतो. कोणी सांगितलं तरी तू करू नकोस. गरम पाण्याला साधा यूपीव्हीसी, म्हणजे गार पाण्याचा प्लास्टिक पाइप, वापरायचा नाही हेही तसंच. सीपीव्हीसी ९३ अंश सेल्सियसपर्यंत तग धरतो, यूपीव्हीसी त्याच्या बऱ्याच आधी मऊ पडतो.

झिरी, म्हणजे पाइपसाठी भिंतीत पाडलेली खाच, बुजवण्याआधी लाइनला दाब देऊन तपासणी झालीच पाहिजे. पंप लावायचा, रोजच्या दाबाच्या दीडपट दाब चढवायचा आणि काटा हलतो का ते बघायचं. सिव्हिलवाला घाई करेल, टाइलवाला दारात उभा राहील, मालकाला मुहूर्त गाठायचा असेल. तरी तपासल्याशिवाय सिमेंट लावू द्यायचं नाही. आणि बुजवण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढून, मोजमाप लिहून मालकाला दे. उद्या तो आरसा टांगायला ड्रिल मारेल तेव्हा त्याला तुझी आठवण येईल ती चांगली येईल.

सगळ्यात जास्त वेळ तुला द्यायचा आहे तो निदानाला. लोक फोनवर सांगतात, ‘भिंतीला ओल आली आहे, येऊन फोडून बघा.’ फोडायला कोणीही येतो. आधी विचार, ओल रोज सारखी असते की कमीजास्त होते? टाकीतून येणाऱ्या नळाच्या लाइनमध्ये चोवीस तास दाब असतो, तिथली गळती थांबत नाही, घर बंद ठेवलं तरी ओल वाढते. सांडपाण्याची गळती वापरावर असते. पाहुणे आले, कपडे जास्त धुतले की वाढते, घर गावाला गेलं की सुकते. आणि जी ओल जूनमध्ये येते आणि दिवाळीनंतर जाते ती बहुतेक वेळा तुझी नसतेच, ती गच्चीची किंवा बाहेरच्या भिंतीची असते. तिथे वॉटरप्रूफिंगवाला बोलवायला सांग आणि पैसे न घेता परत ये. मीटर असेल तर घरातले सगळे नळ बंद करून मीटरची बारीक चकती बघ. ती फिरत असेल तर पाणी कुठेतरी जातंय. रात्री टाकीच्या पातळीची खूण करून सकाळी बघायला सांग. फ्लश टाकीवर संशय असेल तर टाकीत थोडा खायचा रंग घाल आणि अर्धा तास फ्लश करू नका म्हणावं. कमोडमध्ये रंग उतरला तर आतलं रबर बदलायचं, भिंतीला हात लावायचा नाही.

दाबाचंही तसंच. दहा मीटर उंचीला साधारण एक किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाब, एवढा हिशोब कायम डोक्यात ठेव. वरच्या मजल्यावरचा माणूस म्हणतो, शॉवरला धार नाही, महाग शॉवर बसवा. त्याच्या डोक्यावर टाकी तीन मीटर उंच असेल तर त्याला ०.३ किलोच्या आसपासच दाब मिळणार, हजारोंचा शॉवर लावला तरी तेवढाच. त्याला लाइन मोठी हवी किंवा प्रेशर पंप हवा. उलट वीस मजली इमारतीत खालच्या घरांना सहा किलोच्या आसपास दाब येतो आणि तिथे प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह नसेल तर नळाचे वायसर आणि फ्लेक्सिबल पाइप सतत जात राहतात. दर महिन्याला वायसर बदलून पैसे घेणारा मिस्त्री त्या घरी चालतो खरा, पण तो त्या माणसाला फसवतो आहे.

हवेचाही विचार कर. गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या लाइनमध्ये मध्येच चढ असला की तिथे हवा अडकते, टाकी भरलेली असून नळ कोरडा राहतो. कात्रजच्या तलावातून पुण्यात पाणी आणणारी पेशव्यांच्या काळातली नळयोजना तुला माहीत असेल. त्या वाटेवर ठिकठिकाणी दगडी उच्छ्वास बांधले होते, कोंडलेली हवा बाहेर पडावी म्हणून. अठराव्या शतकातल्या कारागिरांनी जे ओळखलं होतं ते आजच्या इमारतीत विसरलेलं दिसतं. सांडपाण्याच्या पाइपला व्हेंट (हवा येण्याजाण्याची नळी) नसला की वरच्या मजल्यावर फ्लश केल्यावर खालच्या घरात नहाणी ट्रॅप (जाळीखालचं, वास अडवायला पाणी धरून ठेवणारं वळण) गुडगुडतो, त्यातलं पाणी ओढलं जातं आणि गटाराचा वास घरात येतो. ट्रॅपमध्ये किमान ५० मिलिमीटर पाण्याची सील लागते. ती टिकवणं हे आपल्या धंद्यातलं आरोग्याचं सगळ्यात मोठं काम आहे.

पण तोच वास महिनाभर न वापरलेल्या बाथरूममधून आला, तर ट्रॅपमधलं पाणी नुसतं सुकलेलं असतं. दोन तांबे पाणी ओता, म्हणून फोनवरच सांग. नळाच्या तोंडाची जाळी काढून धुणं, शॉवरची भोकं साफ करणं, साध्या तोटीचा वायसर बदलणं, बेसिनखालचा बॉटल ट्रॅप बादली ठेवून उघडणं, ही कामं घरच्या माणसाने करायची. आणि त्याहून आधी, घराचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे तो प्रत्येक घरात सगळ्यांना दाखवून ये, आजीलासुद्धा. वर्षातून दोनदा तो उघडबंद करायला सांग, नाहीतर गरज पडेल त्या दिवशी जाम निघतो. अशी कामं शिकवल्याने धंदा बुडेल अशी भीती तुला कोणी घातली तर ऐकू नकोस. ज्याने तुला फुकट खरं सांगताना पाहिलं तो मोठं काम निघालं की तुलाच शोधत येतो.

चोकअप काढायला गेलास तर पहिला प्रश्न: आत काही पावडर किंवा ॲसिड ओतलं आहे का? लोक ओततात आणि सांगत नाहीत. ट्रॅप उघडताना ते तुझ्या डोळ्यांत येऊ शकतं. चष्मा आणि हातमोजे घाल. ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले तर क्लोरीन वायू निघतो, तेव्हा त्यावर आणखी काही ओतू नकोस.

आता जिथे तुला हात मागे घ्यायचा आहे ते सांगतो, आणि हे मी तुझ्या काळजीने लिहितो आहे.

बंद बाथरूममध्ये गॅस गिझर बसवून द्या, असं सांगणारे भेटतील. नाही म्हण. जळताना तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आत अंघोळ करणाऱ्याला कळण्याआधी शुद्ध हरपते. विजेच्या गिझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह पाणी तापताना थोडा टपकतो, ते त्याचं काम आहे. टपकतो म्हणून त्याला बूच मारायला सांगतील, ते कधीही करायचं नाही. जुन्या वाड्यांत आणि चाळींत विजेचं अर्थिंग पाण्याच्या जीआय पाइपला बांधलेलं सापडतं. तू तो पाइप काढून प्लास्टिकचा टाकलास की त्या घराचं अर्थिंगच तुटलं. पाइपला तार गुंडाळलेली दिसली की काम थांबव, वायरमनला बोलव, वेगळं अर्थिंग झाल्यावरच पुढे जा. पाइप न्यायला बीम किंवा कॉलम फोडायचा नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअरने लिहून दिल्याशिवाय तिथे छन्नी लागता कामा नये.

महापालिकेच्या जोडणीला मोटर लावून दे, असंही कोणी सांगेल. त्याला नियमाने बंदी आहे, आणि कारण समजून घे. आपल्याकडे पाणी ठरावीक वेळच येतं. लाइनमध्ये दाब कमी असताना मोटरने ओढलं की पाइपच्या फटींतून शेजारच्या गटाराचं पाणीही आत येतं आणि सगळी गल्ली आजारी पडते. महापालिकेच्या लाइनवरचं नवीन कनेक्शन किंवा बदल हे परवानाधारक प्लंबरचंच काम आहे.

आणि सेप्टिक टँकमध्ये किंवा ड्रेनेजच्या चेंबरमध्ये उतरायचं नाही. पाच मिनिटांचं काम म्हणतील, जास्त पैसे देतील, तरी नाही. आतल्या हायड्रोजन सल्फाइडला आधी सडक्या अंड्यांचा वास येतो, प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं आणि वास गेला म्हणून माणूस आणखी आत जातो. एक पडला की त्याला काढायला दुसरा उतरतो आणि दोघेही जातात. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला तिथे उतरवणं गुन्हा आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंची भरपाई ३० लाख रुपये केली, तरीही मृत्यू थांबलेले नाहीत. मशीनची गाडी बोलवायला सांग. तुझ्याबरोबरच्या हेल्परलाही उतरू देऊ नकोस, तो कुठल्या गावचा, कुठल्या जातीचा आहे हे मनात न आणता.

आता तुझा दुसरा प्रश्न. स्वतःची मोठी कामं आत्ताच धरू नकोस. एखाद्या चांगल्या मिस्त्रीबरोबर दोन पावसाळे काढ. नव्या साइटवर हात वेगाने चालायला शिकतात, पण जुन्या इमारतीच्या दुरुस्तीत डोकं चालायला शिकतं, म्हणून दुरुस्तीची कामं मागून घे. मोठ्या साइटवर ओडिशातल्या केंद्रापाडा भागातले मिस्त्री भेटतील. तिकडे पिढ्यान्पिढ्या हा धंदा आहे, पट्टामुंडाईला तर सरकारची प्लंबिंगची संस्थाच आहे. त्यांचं काम नीट बघ, विचार, ते सांगतात. भाषा येत नाही म्हणून लांब राहू नकोस. मधल्या काळात ओळखीच्यांच्या घरची छोटी दुरुस्ती तुझ्या नावावर कर, पण कामाआधी कागदावर लिहून दे: सामान किती, मजुरी किती, आणि फोडल्यावर वेगळं काही निघालं तर दर काय. मग महापालिकेच्या परवान्याला कोणती पात्रता आणि किती अनुभव लागतो ते पाणीपुरवठा विभागात जाऊन स्वतः विचारून ये. आयटीआयचं प्रमाणपत्र आणि केलेल्या कामांची वही जपून ठेव. वही आजच सुरू कर: तारीख, पत्ता, तक्रार काय होती, कारण काय निघालं, काय केलं.

पुढच्या महिन्यात सदाशिव पेठेतल्या एका जुन्या इमारतीची सगळी लाइन बदलायची आहे. रविवारी सकाळी आठला ये. पाने आणि टेस्टर घेऊन ये, आधी दोघांनी मिळून अर्थिंग कुठे बांधलंय ते शोधू.

तुझा,
मिस्त्रीकाका