गोव्यात राहून सहीची कार्डं जमवायची तर सही खरी कशी ओळखायची आणि पावसाळ्यात ती टिकवायची कशी?

तुम्ही म्हापशाला राहता, फुटबॉल-क्रिकेट आणि मालिका-सिनेमातल्या कलाकारांची सही असलेली चित्रांची कार्डं (ट्रेडिंग कार्डं) जमवायला सुरुवात करायची आहे, आणि खोटी सही गळ्यात पडेल ही मुख्य धास्ती आहे, असं प्रश्नावरून दिसतं. धास्ती रास्त आहे. पण गोव्यात राहणाऱ्याने त्याहून जास्त घाबरावं ते हवेला. खोटी सही खरेदीच्या वेळी टाळता येते, दमट हवा मात्र जूनमध्ये न विचारता कपाटात शिरते.

आधी सहीचं बघू. नवख्याने पहिलं वर्षभर तरी कार्डं छापणाऱ्या कंपनीच्या बंद पाकिटातून निघालेलीच सहीची कार्डं घ्यावीत. अशा कार्डाच्या पाठीवर सही खरी असल्याची कंपनीची हमी छापलेली असते. 1990 मध्ये अपर डेक कंपनीने बेसबॉलपटू रेजी जॅक्सन यांनी सही केलेली, क्रमांक घातलेली 2,500 कार्डं पाकिटांत टाकली होती, आणि पुढे ही पद्धत चांगलीच रुळली. यात दोन प्रकार असतात. एकात सही थेट कार्डावर असते, दुसऱ्यात पारदर्शक स्टिकरवर सही घेऊन तो कार्डावर चिकटवतात. स्टिकरवाली सहीही खरीच, फक्त खेळाडूने ते कार्ड कधी हातात घेतलेलं नसतं, म्हणून तिला भाव कमी. कार्डाऐवजी ‘नंतर मागवा’ असं कूपन कोणी विकत असेल तर त्यावरची मुदत आधी बघा. मुदत संपलेल्या कूपनाला पैसे देऊ नका.

बऱ्याच साध्या कार्डांवर सही छापलेलीच असते. सोनार वापरतात तसं दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. छापील सहीत बहुधा बारीक रंगीत ठिपके दिसतात. पेनाच्या सहीत शाई सलग असते, जिथे रेघ रेघेला छेदते तिथे ती गडद होते, आणि कार्ड तिरकं धरलं की शाईची चमक कार्डाच्या चमकेपेक्षा वेगळी पडते. यंत्राने केलेली सही याहून फसवी, कारण शाई खरीच असते. तिथे रेघेची जाडी सुरुवातीपासून शेवटापर्यंत एकसारखी असते, दोन्ही टोकांना ठिपका उमटतो, आणि त्याच व्यक्तीची दुसरी सही तंतोतंत तशीच सापडते.

विक्रेत्याने स्वतःच छापलेल्या प्रमाणपत्राला किंमत नाही. 1990 च्या दशकात अमेरिकेत एफबीआयने ‘ऑपरेशन बुलपेन’मध्ये खोट्या सह्यांचा मोठा धंदा पकडला, त्यातही प्रमाणपत्रं होतीच. पीएसए, बेकेट किंवा जेएसए या सह्या तपासून देणाऱ्या अमेरिकी कंपन्यांचा क्रमांक असेल तर तो त्यांच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा. इथून कार्ड तिकडे पाठवून तपासून घ्यायचं तर शुल्क, विमा आणि जाण्यायेण्याचा टपालखर्च धरून हिशेब करा. स्वस्त कार्डाला तो परवडत नाही.

समोरासमोर सही घ्यायला गोवा तसा सोयीचा आहे. फातोर्ड्यावर एफसी गोवाचे सामने होतात, पर्वरीच्या मैदानावर रणजीचे, आणि नोव्हेंबरात पणजीत इफ्फी हा चित्रपट महोत्सव असतो. रणजीच्या सामन्यात गर्दी नसते, त्यामुळे खेळाडू निवांत भेटतात. ब्रह्मानंद शंखवाळकर किंवा ब्रूनो कुतिन्हो यांच्या पिढीच्या फुटबॉलपटूंची कार्डं शोधत बसू नका. त्याऐवजी तीन बाय पाच इंचाच्या जाड कोऱ्या कार्डावर सही घ्या, ती चमकदार कार्डावरच्या सहीपेक्षा जास्त टिकते.

बॉलपेन नकोच. चकचकीत पृष्ठभागावर ते अडखळतं आणि दाबाने खाच पडते. जेल पेन वाळत नाही, पुसलं जातं. बारीक टोकाचा निळा पर्मनंट मार्कर घ्या, गडद चित्रासाठी चंदेरी पेंट मार्कर, आणि तो हलवून आधी रद्दी कागदावर चालवून बघा. चकचकीत कार्डावर शाई थेंबाथेंबाने आकसते. त्याला उपाय म्हणजे सहीच्या जागेवर मऊ पांढरा खोडरबर एकदोनदा हलकेच फिरवणं. सही झाली की लगेच कव्हरात घालू नका. पावसाळ्यात रात्रभर पंख्यापासून दूर, आडवं ठेवा, नाहीतर शाई प्लॅस्टिकवर उमटते.

आता साठवण. कार्ड आधी मऊ पॉलिप्रोपिलीनच्या पातळ कव्हरात, मग टॉपलोडर म्हणजे वरून उघड्या कडक प्लॅस्टिकच्या खोळीत. टॉपलोडर बहुधा पीव्हीसीचा असतो, म्हणून कार्ड त्यात उघडं घालायचं नाही. स्टेशनरीच्या दुकानातले मऊ पीव्हीसीचे फोटो अल्बम तर घेऊच नका. त्यातलं तेलकट द्रव्य इथल्या उकाड्यात सुटतं, कार्ड चिकटतं आणि काढताना सही निघून येते.

क्रोम कार्डं, म्हणजे पुढून चकचकीत थर असलेली, पावसाळ्यात वाकतात, कारण पाठीचा कागद ओल पिऊन फुगतो आणि पुढचा प्लॅस्टिकचा थर तसाच राहतो. सपाट करायला वर वजन ठेवून उपयोग नाही, हवाच बदलावी लागते. रबराची कडा असलेला 10 लिटरचा हवाबंद डबा, आत साधारण 100 ग्रॅम सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक, एवढं पुरतं. आकडा 45 ते 55 टक्क्यांत हवा. 35 च्या खाली गेला तर थोडी जेल काढा, कारण फार कोरड्या हवेत तीच कार्डं उलट बाजूला वाकतात. सिलिका जेलच्या निळ्या मण्यांत विषारी कोबाल्ट असतं, म्हणून नारिंगी घ्या. रंग बदलला की ओव्हनमध्ये 110 ते 120 अंशांवर दोन तास ठेवून पुन्हा वापरता येतात, फक्त वेष्टण कागदी किंवा प्लॅस्टिकचं असेल तर मणी आधी धातूच्या ताटात ओता. चवथीपर्यंत डबा जितका कमी उघडाल तितकं बरं. एसीच्या खोलीतून थंडगार कार्ड बाहेर नेऊन लगेच कव्हर काढलं तर त्यावर पाणी जमतं, अर्धा तास थांबा.

डबा चिऱ्याच्या बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, ती भिंत ओल धरते. कसर लागू नये म्हणून डांबरगोळ्याही नकोत, त्यांच्या वाफेने काही कडक प्लॅस्टिकच्या पेट्या मऊ पडतात. भिंतीवर लावायची हौस असेल तर कार्डाची रंगीत प्रत फ्रेम करा, मूळ कार्ड डब्यात राहू द्या. मार्करची शाई उन्हात काही महिन्यांत फिकटते, आणि उतरलेली सही पुन्हा गडद करायला गेलात तर ती खरी असूनही कोणी घेणार नाही.