रस्ते वाहतूक कंपनीत व्यवस्थापनाची रचना कशी असते?

मालवाहतूक करणाऱ्या कंपनीत सर्वांत वर संचालक मंडळ किंवा मालक आणि त्यांच्या हाताखाली सरव्यवस्थापक असतो. इथपर्यंतची रचना इतर उद्योगांसारखीच आहे. त्याखाली परिचालन विभाग गाड्या, चालक आणि फेऱ्या यांची सांगड घालतो, कार्यशाळा देखभाल-दुरुस्ती पाहते, तर शाखा कार्यालये मालाची नोंदणी, पोहोच पावत्या आणि वसुली सांभाळतात. लेखा आणि मनुष्यबळ हे विभाग सर्वत्र असतात तसेच.

माझ्या मते या रचनेतला कळीचा प्रश्न म्हणजे नादुरुस्त गाडी थांबवण्याचा अधिकार कोणाकडे आहे. समजा, माल भरून गाडी निघण्याच्या बेतात आहे आणि ब्रेक लावताच ती एका बाजूला ओढते, अशी नोंद चालकाने तपासणी वहीत केली आहे. कार्यशाळाप्रमुख जर परिचालन व्यवस्थापकाच्याच हाताखाली असेल, तर माल वेळेत पोहोचवण्याच्या दडपणापायी ती गाडी तशीच रस्त्यावर जाण्याची शक्यता वाढते. म्हणून कार्यशाळा आणि सुरक्षा या दोन्ही विभागांनी थेट सरव्यवस्थापकाला उत्तरदायी असावे, आणि हे लेखी ठरलेले असावे.

फेऱ्यांचे नियोजन करणारा कर्मचारी पदाने कनिष्ठ असला, तरी चालकाचा रोजचा संबंध त्याच्याशीच येतो. त्यामुळे चालकाची विश्रांती पूर्ण झालेली नसेल, तर फेरी रोखण्याची मुभा या कर्मचाऱ्याला हवीच. मोजक्या गाड्या असलेल्या कंपनीत एकच व्यक्ती अनेक कामे पाहते, परंतु तिथेही फेरी ठरवणारा आणि गाडी तपासणारा वेगवेगळे ठेवावेत.