बॅटरीचं मागचं बटण: बदलण्याआधी तपासा

पाऊस लागला, वीज जायला लागली की कपाटातली बॅटरी आठवते, आणि मग माझ्याकडे एकच प्रश्न येत राहतो: मागचं बटण गेलंय, नवं कुठे मिळेल? यातल्या बऱ्याच बटणांना काहीही झालेलं नसतं. खालची उत्तरं ॲल्युमिनियमच्या, बुडाला बटण असलेल्या बॅटऱ्यांची आहेत.

प्र. बटण दाबलं की बॅटरी लुकलुकते, हातावर आपटली की नीट पेटते. बटण बदलू का? (काणकोण)

आधी आपटणं बंद करा. बुडाचं झाकण काढा, सेल आतच असू द्या. स्टीलच्या चिमट्याचं एक टोक सेलच्या उघड्या, म्हणजे ऋण बाजूवर आणि दुसरं नळीच्या काठावर क्षणभर टेकवा. दिवा स्थिर पेटला तर दोष झाकणात आहे. तसाच लुकलुकला तर बटणाला हातही लावू नका, सेल किंवा पुढचा भाग तपासून घ्या.

दोष झाकणात निघाला, तरी लगेच बटणावर खापर फोडू नका. आत दोन भोकांची एक रिंग असते, ती बटण दाबून धरते. ती सैल झाली की वीज नळीपर्यंत पोचतच नाही. रिंग आवळा. आपल्या खाऱ्या हवेत नळीच्या काठावर राप चढतो, तो आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाने पुसा. सँडपेपर नको. एवढं करूनही फरक पडला नाही, तरच नवं बटण.

प्र. ती रिंग कुठल्या बाजूला फिरवायची? (फोंडा)

बहुतेक बॅटऱ्यांत आवळायला घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, काढायला उलट. हलली नाही तर जोर करू नका. काहींचे आटे उलटे असतात, काहींत रिंग चिकटवलेली असते. दुरुस्तीवाल्याला दाखवा.

प्र. नवं बटण बसवलं. आता अर्धवट दाबलं तरी पेटते, पण पेटल्यावर हलकं दाबून प्रकाश कमीजास्त होत नाही. (मडगाव)

जुनं बटण सोडल्यावर पेटणारं होतं, तुम्ही दाबताच पेटणारं आणलंत. बदलून आणा.

प्र. बटणावरचं रबर फाटलं होतं, फेविक्विकने चिकटवलं. आता बटण दबत नाही. (वास्को)

कसं दबेल? रबराची टोपी वेगळी मिळते. जुनीचा व्यास मोजून न्या.

प्र. १ ऑगस्टला मासेमारीबंदी उठली आणि पहिल्याच फेरीत बॅटरी समुद्राच्या पाण्यात पडली. तांदळात ठेवली आहे. चवथीपर्यंत सुकेल का? (मालीम)

ते तांदूळ फेकून द्या. तांदळाने मीठ जात नाही. पाणी सुकतं, मीठ मागे राहतं, हवेतला ओलावा ओढतं आणि पितळी भाग खात बसतं. त्याच दिवशी सेल काढून बॅटरी गोड्या पाण्याने धुवायची होती. आता तरी झाकण उघडा. हिरवं दिसलं तर बटण स्प्रिंगसकट बदलून घ्या. लिथियमचा सेल असेल तर तो चार्ज करू नका.

प्र. बटण बंद केलं तरी बॅटरी विझत नाही. दुकानदाराने बटण बदललं, तरी तेच. सेल ९९०० एमएएच क्षमतेचा आहे, आठवड्याच्या बाजारातून घेतलेला. (डिचोली)

बॅटरी आत्ता उघडा आणि सेल बाहेर काढा. उरलेलं नंतर वाचा.

सेलवरचं पातळ प्लॅस्टिक वेष्टण बघा, कुठेतरी सोललेलं असण्याचीच शक्यता जास्त. अशा सेलची धातूची पूर्ण बाहेरची भिंत म्हणजेच ऋण टोक. बॅटरीची नळीही ऋण. वेष्टण फाटलं की दोन्ही एकमेकांना टेकतात, वीज बटणाला वळसा घालून जाते, आणि तुम्ही बटण दाबत बसता! दुकानदाराने सेल बाहेर काढून पाहिला असता तर बटणाचे पैसे वाचले असते. पण मग विकायला काय राहिलं असतं?

कुशीला सोललेलं असेल तर बॅटरी पेटत राहते, एवढंच. धन टोकाच्या खांद्याला सोललं तर प्रकरण वेगळं. तिथे धन आणि ऋण यांच्यामध्ये जेमतेम एक इन्सुलेटरची चकती असते. धातूचा तुकडा आडवा आला की थेट शॉर्ट, आणि लिथियमचा सेल शॉर्ट झाला की आग लागू शकते. म्हणून सुटा सेल किल्ल्या-नाण्यांबरोबर खिशात टाकू नका. ‘सेलोटेप मारली की चालतं’ असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. फुगलेला, चेपलेला सेल परत वापरूच नका. टोकांना टेप लावून ई-कचऱ्यात द्या, ओल्या कचऱ्यात नको.

आणि ते ९९००! १८ मिलीमीटर जाड, ६५ मिलीमीटर लांब अशा सेलमध्ये चांगल्यात चांगल्या कंपनीचेही साधारण ३५००-४००० एमएएच मावतात. त्याच मापात जवळपास अडीचपट छापणारा वेष्टण तरी बरं कशाला वापरेल? नवा सेल माहितीच्या दुकानातून, बिल घेऊन घ्या, आणि बसवण्याआधी बॅटरी जाणकाराकडून तपासून घ्या.

प्र. बटण घरीच सोल्डर करता येईल का? (साखळी)

हात बसलेला असेल तर येईल. आधी सेल बाहेर. सोल्डरिंग आयर्न दोन-तीन सेकंदांहून जास्त टेकवू नका, बटणाचं प्लॅस्टिक वितळतं. पहिलीच वेळ असेल तर दुरुस्तीवाल्याकडे जा आणि जुनं बटण सोबत न्या, मापाला लागतं.