बी.एस्सी. केमिस्ट्रीला ओपन इलेक्टिव्ह म्हणून बिझनेस लॉ घ्यावं का?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: एस.वाय. बी.एस्सी. केमिस्ट्रीला आहेस, ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या विद्याशाखेचं घ्यायचंय आणि बिझनेस लॉ व टुरिझम एवढेच पर्याय उरलेत. मैत्रिणी म्हणतात टुरिझम घे, मार्क पडतात. बाबा म्हणतात, केमिस्ट्रीवाल्यांना कायदा कशाला? पुढे पेटंटमध्ये जायचं मनात आहे, त्याला याचा उपयोग होईल का, हेही विचारलंयस.

बिझनेस लॉ घे. का, ते माझ्यासमोर घडलेल्या एका गोष्टीवरून सांगते.

बी.एस्सी.नंतर दोन वर्षं मी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात क्यूसीला, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासायच्या विभागात होते. एका सप्लायरने आयसोप्रोपिल अल्कोहोलची नमुन्याची बाटली पाठवली, पाणी ०.१ टक्क्याच्या आत. नमुना पास केला, ऑर्डर गेली, बारा ड्रम आले. प्रॉडक्शनला घाई होती. पाण्याचं प्रमाण मोजणाऱ्या कार्ल फिशर चाचणीचा माझा रिझल्ट हातात येईपर्यंत सगळे ड्रम आमच्या मोठ्या टाकीत ओतून झाले होते. रिझल्ट आला ०.४ टक्के. मग एकच ओरडा, माल परत पाठवा! सप्लायर फोनवर शांतपणे म्हणाला, ‘टाकीतलं माझं कुठलं आणि तुमचं कुठलं ते सांगा, लगेच घेऊन जातो.’ मला तो माणूस उर्मट वाटला होता.

पुढे एलएल.बी.ला मालविक्रीचा १९३० चा कायदा वाचला तेव्हा उलगडा झाला. नमुन्यावरून माल विकला तर सगळा माल गुणवत्तेत नमुन्याशी जुळलाच पाहिजे, असं कलम १७ सांगतं. म्हणजे चूक सप्लायरचीच होती. पण कलम ४२ प्रमाणे विक्रेत्याची मालकी संपल्यासारखं तुम्ही मालाशी वागलात, की माल स्वीकारला असं धरतात. डिलिव्हरी चलनावरची सही ही फक्त माल पोचल्याची पावती. टाकीत ओतणं ही खरी स्वीकृती. आणि कलम १३ प्रमाणे एकदा स्वीकारलेला माल परत करता येत नाही, नुकसानभरपाई तेवढी मागता येते. करारात वेगळं ठरलं असेल तर गोष्ट निराळी. ‘आमची चाचणी पूर्ण होईपर्यंत माल स्वीकारला असे समजू नये’ एवढं एक वाक्य पर्चेस ऑर्डरमध्ये असतं, तर आमची बाजू कितीतरी भक्कम झाली असती. लॅबमध्ये आम्ही पाच केमिस्ट होतो, एकालाही हे माहीत नव्हतं. म्हणून तुझ्या बाबांना माझं सांगणं आहे की केमिस्ट्रीवाल्यांनाच हा विषय आधी हवा.

अभ्यास कसा करायचा? गाईडमधले मुद्दे पाठ करू नकोस, मूळ कलम वाच. कायदे इंडिया कोड या सरकारी साइटवर फुकट आहेत. कराराचा १८७२ चा कायदा उघड आणि कलम १० घे: मुक्त संमती, करार करायला सक्षम व्यक्ती, कायदेशीर प्रतिफल (म्हणजे वचनाच्या बदल्यात मिळणारा मोबदला), कायदेशीर उद्देश. तू रिअ‍ॅक्शनच्या अटी वाचतेस तसंच वाच. एक अट काढून टाकली तर काय होतं, हे विचारत जा. सक्षमतेची अट काढली की मोहोरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष हा १९०३ चा प्रिव्ही कौन्सिलचा (ब्रिटिश काळातल्या सर्वोच्च अपील न्यायालयाचा) निकाल समोर येतो: अज्ञान, म्हणजे कायद्याने सज्ञान नसलेल्या, मुलाने केलेला करार मुळातच शून्य. असं वाचलंस तर केसेस वेगळ्या पाठ कराव्या लागत नाहीत. चेक परत गेल्यावरचं निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टचं कलम १३८ मात्र मुदतींसकट पाठ कर: बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, पैसे द्यायला १५ दिवस, त्यानंतर एका महिन्यात तक्रार. भागीदारीचं प्रकरण सोपं आहे, ते परीक्षेच्या आठवड्यात होतं.

आता पेटंटचं. इथे बऱ्याच मुलांचा गैरसमज असतो. पेटंट एजंट, म्हणजे इतरांच्या वतीने पेटंट ऑफिसात अर्ज करणारी व्यक्ती, होण्यासाठी एलएल.बी. लागत नाही. १९७० च्या पेटंट कायद्याचं कलम १२६ भारतीय नागरिकत्व, २१ वर्षं पूर्ण, आणि विज्ञान, इंजिनिअरिंग किंवा तंत्रज्ञानाची पदवी मागतं. मग पेटंट ऑफिसची परीक्षा: दोन लेखी पेपर आणि तोंडी. ही परीक्षा दरवर्षी होतेच असं नाही, म्हणून जाहिरातीवर लक्ष ठेव. थोडक्यात, तुझी बी.एस्सी.च तिथलं प्रवेशपत्र आहे. प्रॅक्टिकल्समध्ये ढिलाई करू नकोस.

बिझनेस लॉच्या पेपरात पेटंट असलं तरी एखाद्या युनिटपुरतं असतं. तू स्वतःहून नोव्हार्टिस या औषध कंपनीच्या खटल्यातला १ एप्रिल २०१३ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाच. इमॅटिनिब मेसिलेट या कॅन्सरवरच्या औषधाच्या बीटा क्रिस्टल रूपावर पेटंट मागितलं होतं. पावडर चांगली वाहते, जास्त स्थिर आहे, ओलावा कमी शोषते, असे फायदे दाखवले होते. आपल्या दृष्टीने हे सगळे खरेच फायदे. माहीत असलेल्या पदार्थाच्या नव्या रूपाला परिणामकारकता वाढल्याशिवाय पेटंट नाही, असं पेटंट कायद्याचं कलम ३(डी) म्हणतं. न्यायालयाने ते पुढे ठेवून सांगितलं की औषधाच्या बाबतीत परिणामकारकता म्हणजे रोगावरचा परिणाम, आणि पेटंट नाकारलं. निकाल लांबलचक आहे, पण त्यातलं पॉलिमॉर्फिझम (एकाच पदार्थाची वेगवेगळी स्फटिकरूपं) तुला वकिलांपेक्षा लवकर समजेल. मला तरी या क्षेत्राची गोडी त्याच निकालाने लावली.

कोर्टात उभं राहायचं असेल तर मात्र एलएल.बी. हवीच. पदवीनंतर तीन वर्षांचा कोर्स, त्यासाठी राज्याची सीईटी. घरबसल्या एलएल.बी. देतो म्हणणाऱ्यांकडे पैसे भरू नकोस, दूरशिक्षणाच्या पदवीवर बार कौन्सिलची सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, मिळत नाही. हजेरीही लागते, त्यामुळे दिवसभराच्या नोकरीसोबत ओढाताण होते. मी सकाळचं कॉलेज आणि दुपारची पाळी असं एक वर्ष काढलं आणि शेवटी नोकरी सोडली. घरच्यांशी पैशाचं आधी बोलून घे.

तुमच्या कॉलेजचा सिलॅबस इथे टाक. कोणती कलमं आधी वाचायची ते युनिटप्रमाणे सांगते.