बायपासबरोबर स्टेम सेल उपचार घ्यावा का?

वडिलांच्या बायपासच्या वेळीच हृदयात स्टेम सेल (इतर पेशी घडवू शकणाऱ्या मूळ पेशी) सोडल्यास त्याचे पंपिंग सुधारते असे सांगून एका केंद्राने वेगळा खर्च सांगितला आहे, तो करावा का, असे आपण विचारले आहे. मी डॉक्टर नाही. परंतु माझ्या थोरल्या भावाच्या बायपासपूर्वी हाच प्रस्ताव आमच्या इंदूरच्या घरी आला होता आणि पुष्कळ चौकशीअंती आम्ही तो नाकारला.

बायपासने रक्तपुरवठा पूर्ववत झाला की रक्ताअभावी सुस्तावलेले, पण जिवंत असलेले स्नायू हळूहळू पुन्हा काम करू लागतात. त्यामुळे दोन्ही गोष्टी एकत्र केलेल्या रुग्णाचे पंपिंग, म्हणजे हृदयाचा डावा कप्पा दर ठोक्याला त्यातील किती रक्त बाहेर ढकलतो ते प्रमाण, ३० वरून ४० टक्क्यांवर गेले, तरी ते श्रेय पेशींचे की बायपासचे, हे त्या एका रुग्णावरून कळूच शकत नाही. याच कारणासाठी जर्मनीत ८२ रुग्णांवर चाचणी झाली, जिचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. तीत बायपासबरोबर काहींना अस्थिमज्जेतील मूळ पेशी, तर काहींना पेशीविरहित द्रव टोचला होता. पंपिंग दोन्ही गटांत वाढले, पण त्या वाढीत खात्रीने सांगता येईल असा फरक आढळला नाही. हृदयात मूळ पेशी असून त्या नवे स्नायू घडवतात, या दाव्यावर ज्यांच्यामुळे जगाचा विश्वास बसला, त्या संशोधक पिएरो अँव्हर्सा यांच्या प्रयोगशाळेचे ३१ शोधनिबंध मागे घ्यावेत, अशी शिफारस हार्वर्डने २०१८ मध्ये केली, हे वाचून मला खरोखर वाईट वाटले, कारण कितीतरी कुटुंबांची आशा त्यावर उभी होती.

आपल्याकडे आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, प्रामुख्याने रक्ताच्या ठरावीक आजारांतील प्रत्यारोपण वगळता, स्टेम सेल हा प्रमाणित उपचार नाही; हृदयासाठी तो केवळ मंजूर चाचणीत देता येतो आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. म्हणून त्या केंद्राकडे सीटीआरआयचा, म्हणजे भारतातील वैद्यकीय चाचण्यांच्या अधिकृत नोंदवहीचा, नोंदणी क्रमांक मागा. आमच्याकडे तो मागताच बोलण्याचा सूर बदलला होता.

आपल्या सर्जनना मात्र एक प्रश्न अवश्य विचारा: वडिलांच्या हृदयाचा किती भाग नुसता सुस्तावलेला आहे आणि किती भागाचा कायमचा व्रण झाला आहे? एमआरआय किंवा पेट (PET) स्कॅनवरून याचा अंदाज येतो, आणि शस्त्रक्रियेनंतर पंपिंग कितपत वाढेल, हे बऱ्याच अंशी त्यावरच ठरते.