खाऱ्या पाण्याच्या टाकीतलं पाणी आटलं की वरून मिठाचंच पाणी भरायचं का?

नाही, साधं गोडं पाणी भरा. वाफ होऊन उडतं ते फक्त पाणी. मीठ सगळं टाकीतच राहतं. तुम्ही दर वेळी मिठाचं पाणी ओतत गेलात तर क्षारता हळूहळू चढत जाते आणि मासे, प्रवाळ बिचारे ते मुकाट सोसत राहतात. समुद्राची क्षारता साधारण ३५ पीपीटी (हजार भाग पाण्यात ३५ भाग क्षार), म्हणजे २५ अंश सेल्सियसला विशिष्ट गुरुत्व (गोड्या पाण्याच्या तुलनेत घनता) १.०२६ च्या आसपास. तेवढी स्थिर ठेवा. मिठाचं पाणी फक्त पाणी बदलताना.

गोडं पाणी म्हणजे नळाचं नव्हे, आरओ-डीआयचं, म्हणजे गाळून जवळजवळ सगळे क्षार काढलेलं, टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) शून्य दाखवणारं. घरच्या प्युरिफायरवर विसंबू नका, चवीसाठी त्यात बरेचदा थोडे क्षार मुद्दाम राखलेले असतात. रोज थोडं थोडं भरा. आठवड्याचं एकदम नको. उन्हाळ्यात पंखा लावला असेल तर पाणी फार भराभर उतरतं.

प्रवाळ असतील तर अल्कलिनिटीही (पाण्याची आम्ल पचवायची ताकद, मुख्यतः त्यातल्या कार्बोनेटांमुळे) तपासत जा, ८ ते ९ डीकेएच (तिचं मोजमापाचं एकक) ठीक. कॅल्शियमच्या आधी तिचाच आकडा पडतो: प्रवाळांनी २.८ डीकेएच वापरली, तर कॅल्शियम जेमतेम २० पीपीएमने (दशलक्ष भागांत २० भाग) उतरतं.