इटलीतल्या बोलोन्यात एकच दुपार हाताशी आहे आणि पाऊस सांगितलाय. काय पाहावं?

पावसाची काळजी करू नका. जुन्या शहरात जवळजवळ सगळीकडे घरांखालून कमानींचा झाकलेला रस्ता जातो, त्याला तिथे पोर्तिको म्हणतात. शहराच्या मध्यभागी असलेल्या दोन जुन्या मनोऱ्यांपाशी या आणि तिथून निघणाऱ्या स्त्रादा माज्जोरे या रस्त्याने सावकाश चालत सुटा. मी शिकायला दोन वर्षं या शहरात होते, याच कमानींखालून रोजचं जाणं-येणं. एकच दुपार असेल तर मी संग्रहालयाऐवजी हा रस्ता सांगेन.

चालताना वर बघालच, पण खालीही बघा. दर दहावीस पावलांवर फरशी बदलते. इथे रंगीत खड्यांची घोटलेली, पुढे साधा दगड, मध्येच एखादी पायरी. कारण प्रत्येक घरमालकाने आपापल्या घराखालचा तुकडा बांधलाय. गावात विद्यापीठ, त्यामुळे माणसांची गर्दी वाढली तशी वरच्या मजल्यांवरच्या खोल्या रस्त्यावर पुढे आल्या आणि त्यांना खालून खांबांचा टेकू द्यावा लागला. दुसरीकडे असली अतिक्रमणं पाडली गेली असती. बोलोन्याने १२८८ साली उलटाच नियम केला: नवीन घराला पोर्तिको हवाच, देखभाल मालकाची, आणि खालून जाण्याचा हक्क सगळ्यांचा. जागा खाजगी, वाट सार्वजनिक. मला या शहराचं सगळ्यात जास्त कौतुक याचंच वाटतं. उंचीही ठरलेली होती, किमान ७ बोलोन्यी फूट, म्हणजे साधारण २.६६ मीटर. घोडेस्वाराला खालून जाता आलं पाहिजे, हा हिशेब.

१९ नंबरच्या कासा इसोलानीपाशी मात्र थांबाच. तेराव्या शतकातलं घर. १५६८ साली लाकडी खांब काढून विटांचे किंवा दगडी करा असा हुकूम निघाला, त्यातूनही हे ओकचे खांब वाचले. सुमारे ९ मीटर उंच. खांबाला हात लावून बघा, लाकूड उभं चिरलंय, भेगेत बोटाचं टोक सहज जातं. बुंधा ओलीत कुजू नये म्हणून खाली दगडी बैठक दिली आहे. वर तुळयांत तीन बाण रुतलेत अशी दंतकथा आहे, ते शोधत मान वर करून उभी असलेली माणसं तिथे नेहमी दिसतील.

पुढे सांता मारिया देई सेर्वी चर्चचा पोर्तिको लागतो. बारीक खांब, रुंद कमानी, एकदम मोकळं वाटतं. तिथून परत फिरा. कासा इसोलानीतूनच कोर्ते इसोलानी नावाचा बोळ आत शिरतो आणि थेट सांतो स्तेफानोच्या चौकात निघतो. तिथल्या कमानीखाली बसून समोरच्या ओल्या दगडगोट्यांच्या चौकाकडे बघत मी कितीतरी संध्याकाळी घालवल्यात.

सान लुका टेकडीवर नेणारा ६६६ कमानींचा मार्गही सुंदर आहे, पण एका दुपारीत दोन्ही कोंबू नका. आणि बूट पकड असलेले घाला. बाहेरून ओले तळवे घेऊन त्या घोटलेल्या फरशीवर आलात, की पाय सटकतो.